पनवेल ते कर्नाळा: दोन सायकली आणि एक होकार बाकी

दर हिवाळ्यात या ब्लॉगवर तीच विचारणा येते. "ताई, नवऱ्याला माउंटन बाइकिंगची गोडी कशी लावू?" "मॅडम, होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा कुठल्या वाटेवर नेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. लावू नका, नेऊ नका. ज्यांचं सुखाने चाललंय त्यांनी ते तसंच चालू द्यावं. पण माणसं ऐकत नाहीत आणि प्रेमात पडलेली तर मुळीच ऐकत नाहीत. तेव्हा हा उद्योग मी एकदा केला होता, तो सगळा लिहून टाकते. वाचा आणि काय तो धडा घ्या.

गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या थंडीतली. आम्ही खांदा कॉलनीत राहायचो आणि मी तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेब लिहायचे. मामाने कुवेतहून माझ्या भावासाठी जाड टायरची, आडव्या हँडलची, गिअरची सायकल आणली होती. भावाला मोटारसायकल हवी होती, त्यामुळे त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि ती माझी झाली. तिच्या दांड्यावर इंग्रजीत 'माउंटन बाइक' लिहिलेलं होतं. डोंगर समोरच होते. मी दर रविवारी तिला डोंगरात न्यायला लागले. वर्षभरात अख्खं पनवेल मला 'ती गिअरवाली' म्हणून ओळखू लागलं, आणि लग्नाच्या बाजारात या पदवीला काडीची किंमत नव्हती.

पहिल्या स्थळाची आई म्हणाली, "सायकल असू दे की माहेरी, पुढे भाचरांना होईल." दुसऱ्या स्थळाने मलाच विचारलं, "उन्हात फिरून रंग नाही का उतरत?" तिसरा शिरीष. ठाण्याचा, एका कंपनीत ड्राफ्ट्समन. पोह्यांची बशी हातात घेऊन तो म्हणाला, "मलाही सायकलिंगची फार आवड आहे." आईने देवघराकडे बघून हात जोडले. मी म्हटलं, मग रविवारी कर्नाळ्याला जाऊ, संध्याकाळी होकार-नकार कळवते. मला त्याचा पगार-बिगार काही बघायचा नव्हता. लग्नानंतर माझी सायकल सुटणार की राहणार, एवढंच बघायचं होतं.

लग्नाआधी मुलाबरोबर दिवसभर बाहेर जायला आईची परवानगी कशी मिळाली, असं तुम्हाला वाटेल. त्याचं श्रेय माझ्या आत्याला. "स्कूटरवर मागे बसून गेली तर लोक नावं ठेवतील," ती म्हणाली. "दोन सायकली म्हणजे मध्ये चांगलं हातभर अंतर. कोण काय बोलणार?" थोडक्यात, माउंटन बाइकिंग हा आमच्या घरात शीलरक्षणाचा खेळ म्हणून मंजूर झाला.

शिरीष सकाळच्या एसटीने आला. कडक इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि दोन हातांवरून यावा एवढा सेंटचा वास. वाचकांनी पोशाखाची ही यादी लक्षात ठेवावी आणि यातलं काहीही घालू नये. त्याच्यासाठी सायकल ठरवली होती जुन्या पनवेलमधल्या इस्माईलचाचांकडून. चाचांचा मुलगा आखातातून तशीच एक उंच सायकल घेऊन आला होता आणि चाचा ती ओळखीच्या माणसाला दिवसभरासाठी भाड्याने द्यायचे. भाडं साध्या सायकलीच्या चौपट. "इम्पोर्टेड माल आहे बेटी," चाचा म्हणाले. "गिअर जपून टाका म्हणावं साहेबांना."

साहेबांनी सायकल दुकानाच्या पायरीला लावली, पायरीवर उभे राहून ऐटीत टांग टाकली आणि निघाले. घोड्यावर बसावं तशी ती तऱ्हा बघून मला वाटलं, वा, स्टाइल आहे. चाचा मात्र त्याच्या पाठीकडे बघत राहिले. "अल्ला खैर करे," एवढंच ते पुटपुटले.

तेव्हा गोवा रस्ता अगदीच अरुंद होता. दोन्ही बाजूंना झाडं, आणि मधून जाणारे ट्रकवाले सायकलवाल्यांना माणसात धरायचे नाहीत. आता रस्ता रुंद झालाय, ट्रकवाल्यांचं मत तेच आहे. जायचं तर उजाडताच निघा.

पळस्पे फाट्यावर एका टपरीवर गरम वडे तळत होते. मी हात करून ओरडले, "थांबा, इथे खाऊन घेऊ!" शिरीषने मान डोलावली आणि टपरी ओलांडून तो पुढे गेला. पुढे म्हणजे चांगला लांब. शेवटी एका मैलाच्या दगडापाशी थांबला, दगडावर एक पाय ठेवून, मुलूख जिंकून आल्यासारखा. मी वडापाव कागदात बांधून घेतले आणि सायकल हाणत तिथे पोहोचले.

"टपरी मागे राहिली," मी म्हटलं.

"तिथे गर्दी होती," तो दगडावरचा पाय न काढता म्हणाला. वडापावही त्याने तसाच, सायकलवर बसून खाल्ला.

शिरढोणच्या पुढे कर्नाळ्याचा सुळका एकदम समोर येतो. मला ती जागा फार आवडते. मी पुन्हा म्हटलं, "जरा थांबा ना, इथून बघा." साहेब पुढेच. थेट ओढ्यावरच्या मोरीपर्यंत. तिथे कठड्यावर पाय टेकवून माझी वाट बघत राहिला. मला पाणी प्यायचं होतं तेव्हा तेच, सायकलची चेन पडली तेव्हाही तेच. चेन मी एकटीने बसवली. हे राजश्री पुढच्या मैलाच्या दगडावर उभे राहून मागे बघत होते.

हात काळे करून मी पोहोचले तेव्हा डोकं तापलं होतं. "तुम्हाला कुणी थांब म्हटलेलं आवडत नाही का?"

"तसं नाही," तो शांतपणे म्हणाला. "जागा बघून थांबलेलं बरं असतं."

ऐका! वर तत्त्वज्ञान. मी मनात हिशेब केला. जो माणूस एका रविवारी चारदा माझं ऐकत नाही, तो जन्मभर काय ऐकणार? सायकल माहेरीच राहणार, हे नक्की झालं. नकार ठरला. आता उरलेला दिवस निदान आपण मजेत घालवू म्हणून मी डांबरी रस्ता सोडला.

अभयारण्यात सायकली नेत नाहीत, हे नव्यांनी ध्यानात ठेवावं. पण त्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याने एक कच्ची वाट वीटभट्टीकडे जायची. आधी दमवणारा चढ, मग माळ, मग ट्रकच्या चाकोऱ्यांमधून भट्टीपर्यंत सरळ उतार. माझी लाडकी वाट. या वाटेवर मैलाचे दगड नव्हते, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

चढावर तो मागे पडला, पण हळूहळू, वेडावाकडा का होईना, आला. उतारावर मी पुढे होते. भट्टीच्या अलीकडे ओल्या विटांच्या रांगा उन्हात वाळत टाकल्या होत्या. मी ब्रेक लावून बाजूला झाले आणि ओरडले, "थांबा! पुढे विटा आहेत!"

तो माझ्या शेजारून गेला. चेहरा पांढराफटक, नजर भिरभिर काहीतरी शोधत असलेली. त्याने ब्रेक लावलेही होते, सायकल माणसाच्या चालीने चालली होती. कुणीही पाय टेकवून उभं राहिलं असतं. हा मात्र तसाच डुगडुगत विटांमध्ये शिरला, एक रांग, दुसरी रांग, आणि मग सायकलसकट आडवा झाला.

भट्टीवरून एक बाई धावत आली. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"आरं ए, डोले हायत का नाय तुला? सकालपासून पाडल्या या विटा! मालक मोजून पैशे देतो आमाला, मोडक्याचं कोन देनार? तुजा बाप?"

मी धावत पोहोचले. शिरीष चिखलात बसला होता. सेंटचा वास संपला होता.

"मी थांबा म्हटलं होतं!" मी जवळजवळ किंचाळले.

"मला थांबता येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चढता येत नाही आणि उतरता येत नाही. मधलं जमतं. त्या दिवशी सायकलिंग आवडतं म्हणालो ना, ते खोटं होतं. त्यानंतर भाड्याची सायकल घेऊन शिकलो. उतरायला काहीतरी उंच लागतं. कट्टा, दगड, काहीही."

मी आणि ती बाई, दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग ती बाई, सोमीबाई तिचं नाव, कपाळाला हात लावून जी हसायला लागली, ती खाली बसेपर्यंत. "आगं बाय माजे! उतराया येत नाय आन् डोंगरात आनलास याला? मारतीस का काय?"

मलाही हसू आलं, पण राग गेला नव्हता. सकाळपासून मला मुजोर वाटलेला माणूस मुजोर नव्हता, नुसता घाबरलेला होता. हे चांगलं की वाईट, ते मला ठरवता येईना.

शिरीषने पाकीट काढलं. सोमीबाईने हात झटकला. "पैशे ठेव तुजे. सांजच्याला मालक विटा मोजनार, तवा रांगा भरलेल्या पायजेत. माजा नवरा तापाने पडलाय, माजे एकटीने व्हनार नाय. चिखल मलून ठेवलाय. बस आन् पाड."

मला वाटलं, आता हा ओशाळून हसेल, नोट तिच्या हातात कोंबेल आणि निघू म्हणेल. त्याने बूट काढले, मोजे बुटात नीट कोंबले, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि साचा हातात घेतला. दिवसभर कागदावर सरळ रेषा मारणाऱ्या या माणसाची पहिली वीट अशी काही वाकडी निघाली, की सोमीबाईने ती उचलून मला दाखवली. "ही कंच्या बंगल्याची?" ती विचारत होती. मग मीही ओढणी कमरेला बांधली आणि चिखल आणून द्यायला लागले. दुपारी सोमीबाईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आमच्या हातावर ठेवली. त्या भागात गेलात तर ही चटणी मिळवून खाच, कुठल्याही हॉटेलात ती मिळणार नाही. मोडलेल्या रांगा भरल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. एकदाही त्याने 'निघूया का' म्हटलं नाही.

परत येताना तो सायकलवर बसलाच नाही. आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत होतो. आत्याला आवडलं असतं, मध्ये दोन सायकलींचं अंतर होतं.

मी विचारून टाकलं. "लग्नानंतर मी दर रविवारी डोंगरात गेले, तर तुमच्या घरी चालेल?"

त्याने बाहीने कपाळावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "नाही चालणार. आई नको म्हणेल, आणि आईपुढे माझं तोंड उघडत नाही. आजवर उघडलेलं नाही, पुढे उघडेल अशी हमी मी देत नाही. एकदा खोटं बोललो ते पुरे झालं."

"आणि तुम्हाला स्वतःला?"

"मला? मी चढावर मरायला टेकलो होतो, पण तुम्ही पुढे जाताना दिसत होतात. ते बघायला फार छान वाटलं."

आता शहाण्या मुलीने इथे नकार पक्का करायचा असतो. तोंड उघडत नाही असं सांगणारा नवरा घेऊन करायचं काय? पण खरं सांगते, त्या क्षणी तो मला आवडला. मनापासून आवडला. आजवर जे भेटले ते माझं काय करायचं ते मला सांगून गेले होते. याने फक्त आपल्याला काय जमणार नाही ते सांगितलं, आणि उरलेलं माझ्यावर सोडलं.

रस्त्याला लागल्यावर भाजीच्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला सायकलींसकट पनवेलला सोडलं. चाचांनी सायकलवरचा चिखल बघितला, शिरीषकडे बघितलं आणि काही न विचारता त्याला आधी चहा पाजला.

घरी आई दारातच उभी होती. "कसा आहे मुलगा?"

"सायकल येत नाही त्याला."

आईचा चेहरा पडला. "मग 'नाही' कळवू का?"

"'हो' कळव. आणि सायकल माझ्याबरोबर येणार, हेही कळव."

"ते मोडतील गं लग्न."

"मग मोडू देत," मी म्हटलं. पण पुढचा आठवडा माझी जेवणावर वासना नव्हती. शेवटी ठाण्याहून निरोप आला: मुलीला काय आणायचं ते आणू दे, पडून राहील गॅलरीत.

तर वाचकहो, जोडीदाराला माउंटन बाइकिंगची गोडी लागली का? नाही. त्या दिवसानंतर आमचे हे सायकलवर बसलेले नाहीत. हा लेख वाचून 'विटांच्या दोन नाही, दीडच रांग मोडली होती' एवढी एकच दुरुस्ती त्यांनी सुचवली आहे.

पण लग्नानंतरचा पहिला रविवार सांगायलाच हवा. ठाण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत माझ्या सायकलवर सासूबाईंची पापड घालायची धुतलेली चादर वाळत होती. मी चादर घडी करून ठेवली आणि सायकल दाराशी आणली. सासूबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"रविवारी सकाळी कुठे चालली सूनबाई?"

"येऊरच्या डोंगरात," मी म्हटलं. "जेवायच्या वेळेला येते."

सासूबाईंनी शिरीषकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो खरंच एक अक्षर बोलला नाही. त्याने पेपर बाजूला ठेवला, उठला, आईच्या शेजारून वाट काढत आला आणि सायकलचं मागचं चाक उचललं. पुढचं मी उचललं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती, आणि आम्ही दोघं सायकल सांभाळत जिना उतरत होतो.

खाली पोहोचल्यावर तो धापा टाकत होता. "आलीस की खालून हाक मार," तो म्हणाला. "वर चढवायला येतो."