उतरता पडदा

हौसाआत्यानं म्हशी राखून मला शिकवलं, म्हणून आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो. केडगावात घर बांधल्यावर तिनं ते पाहून ‘बरं हाय’ म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. पण आत्या कशालाच बरं म्हणत नाही.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी पडदे लावायला एक माणूस आला. ओठांत स्क्रू धरून, एक डोळा मिटून तो भिंत न्याहाळायचा. भोक मात्र आधी पाडायचा आणि टेप नंतर लावायचा. हॉलमधला रॉड डावीकडे चांगलाच उतरला.

“अहो, हे तिरकं झालंय. उद्या माझी आत्या येणार. ती नाव ठेवल्याशिवाय राहायची नाही.”

त्यानं ओठांतले स्क्रू काढले. “मग ऱ्हाऊ द्या की, सर. हितं काय गावलं न्हाई, तर त्या सैपाकघरात शिरतील.”

चहा पिऊन तो गेलासुद्धा. तो हुशार होता की नुसता आळशी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडदा बघताच आत्याचा चेहरा खुलला. “एवढं शिकून डोळं न्हाईत याला,” म्हणत ती प्रत्येक पाहुण्याला तो दाखवत राहिली. शेवगावला परत निघताना मात्र दारात हळूच म्हणाली, “बाकी बरं हाय.”

तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं:

“ती. आत्यास सा. न. पडदा अजून तसाच आहे. दिवाळीला ये, तुझ्यासमोरच सरळ करू. तोवर कुणाला हात लावू देत नाही.”