दिवेलागणीची सायकल

"दिवा आपल्याला दिसावं म्हणून न्हवं, लोकांना आपण दिसावं म्हणून लावायचा," असं म्हणत अण्णा ऊन पुरतं उतरायच्या आतच सायकलचा तेलाचा दिवा पेटवायचे. सोलापुरातल्या एका दवाखान्यात ते थोरले कंपौंडर, मी धाकटा. संध्याकाळी घरोघरी पट्ट्या बदलायला ते सायकलवर जात.

कोटाच्या पाठीवर पांढरा रुमाल टाचलेला. चौक आला की उतरून सायकल हातात धरून चालायचे. गिरणी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई, त्यातच टांगे आणि बिनकंदिलाच्या बैलगाड्या. अण्णांची घंटा थांबत नसे. "कंपौंडरसाब, बारात निकली क्या?" टांगेवाले विचारत. अण्णा हसत, मीही हसे. तुम्हीही हसला असता.

एकदा तिन्हीसांजेला ते औषध ओतत होते. धार बाटलीबाहेर पडत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"अण्णा, चष्मा तरी घ्या की."

"चष्म्याचं काम न्हाय हे," ते हळूच म्हणाले. "वडिलांचं असंच झालं. आधी संध्याकाळ गेली, मग दिवसबी गेला. डॉक्टरांना सांगू नको. ते सायकल काढून घेतील, मग त्या लोकांकडं कोण जाणार?"

मी नाही सांगितलं. ते अजून मला डाचतं.

पुढे महिन्याभरात विणकरांच्या वस्तीत अण्णांच्या सायकलचा धक्का एका म्हातारीला लागला. सुताची पाटी घेऊन ती बोळातून बाहेर पडली होती. दिवा जळत होता, घंटा वाजत होती. तिचं मनगट मोडलं. अण्णांनी तिथेच बसून, हाताने चाचपत, फळ्या बांधल्या. म्हातारी तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "दिवा दिसला मला. वाटलं, कंपौंडर हाय, त्यो थांबतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी डोळे तपासले. मग म्हणाले, "दिवसा दवाखान्यात बसा. बाहेर जाऊ नका."

दुपारी दवाखाना बंद झाला की अण्णा पायी त्या म्हातारीकडे जात आणि रहाटावर तिच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून देत. तिचा हात चालत नव्हता, माग अडून राहिला असता. सुरुवातीला त्यांचं सूत तुटायचं. म्हातारी रागवायची, ते मुकाट्याने गाठ मारायचे. सूत बोटांना कळू लागलं तसे ते डोळे मिटूनच रहाट फिरवू लागले. "सवय करतोय," मला म्हणाले.

तिच्या फळ्या सोडल्या त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली आणि भावाकडे, कानडी भागातल्या मैंदर्गीला गेले. निघताना सायकल माझ्या हाती दिली.

चार-पाच वर्षांनी मी मैंदर्गीला गेलो. भर दुपारी ते ओट्यावर बसले होते. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. भावजयीने कानडीत माझं नाव सांगितलं, तशी त्यांनी मला जवळ बसवलं. खडबडीत बोटांनी माझं कपाळ, गाल चाचपले. बोटं ओठांवर येऊन थांबली.

"मिशा ठेवल्यास व्हय?" म्हणाले. "चांगल्या दिसत असतील."