विश्वासाचे सात दाणे

डोंगरातल्या कापचोरवा गावी पळणाऱ्या पोरींचा आमचा कॅम्प आहे, तिथे मी स्वयंपाक करते, त्यामुळे कुठली पोरगी काय लपवते ते मला आधी कळतं. चेसांग नडगी लपवते. आठशे मीटर पळणारी ही पोर; प्रशिक्षक सलिमो सरांनीच तिची शाळेची फी भरली, बूट दिले, तेव्हा इथवर आली. आता महिनाभर तिचं हाड ठणकतंय. मी मिठाच्या पाण्याने शेकते आणि बडबडते, "अगं, सांग की सरांना."

"मावशी, स्कोव्हियाने सांगितलं होतं," ती म्हणते.

स्कोव्हियाही इथलीच पोर; पाय दुखतो म्हणाली, तर सरांनी त्याच संध्याकाळी तिला कायमचं गावी धाडलं. चेसांगचा पासपोर्ट सरांच्या कपाटात, आणि परदेशातली शर्यत तोंडावर. कुणाची छाती होणार?

मंगळवारी कंपालाहून विद्यापीठाच्या एक बाई आल्या. सरांचं आणि पोरींचं नातं किती चांगलं ते मोजायचं म्हणे. नातं कसलं मोजता, कप्पाळ! प्रत्येकीला राजम्याचे सात दाणे दिले. प्रश्नाला जेवढा होकार, तेवढे दाणे डब्यात टाकायचे.

"मी बाहेर बसतो, मोकळेपणाने सांगा," सर म्हणाले. आणि बसले कुठे, तर आम्ही होतो त्या स्वयंपाकघराच्याच पत्र्याच्या भिंतीला टेकून, बाकावर. डबाही पत्र्याचा. दाणा पडला की टण्ण वाजायचा.

चेसांगची पाळी आली. बाईंनी विचारलं, "काही दुखलंखुपलं तर सरांना सांगू शकतेस?"

दोन दाणे वाजले आणि तिचा हात थांबला. बाहेर बाक करकरला. माझा चुलीवरचा मक्याच्या पिठाचा पोशो ढवळायचा राहिला. चेसांगने भिंतीकडे पाहिलं. मग उरलेले दाणे टाकले, एकेक, सावकाश, बाहेर ऐकू जातील असे. बाई खूश झाल्या.

त्या गेल्यावर सर आत आले. डोळे ओले होते. त्यांनी चेसांगच्या डोक्यावर हात ठेवला.

"वेडे, मला वाटायचं तू मला भितेस. आज जिवाला बरं वाटलं बघ. हल्ली पाय ओढल्यासारखी पळतेस, मला शंका आली होती. पण दुखत असतं तर तू सांगितलंच असतंस. आळस आहे झालं. उद्या डोंगराच्या चढणीला सगळ्यांच्या पुढे तू."

"हो सर."

ते गेले.

"मावशी," ती म्हणाली, "आता कुठल्या तोंडाने सांगू?"