बिनबुडाची पाटी आणि आमची टीम

जिंकणाऱ्या टीमचं बरं असतं. कप मिळाला, कपाटात गेला, गोष्ट संपली! हरणाऱ्या टीमला मात्र दर वेळी सांगावं लागतं, का हरलो ते. घरी एक कारण, होस्टेलवर दुसरं, प्रिन्सिपॉलसाहेबांसमोर तिसरंच. अशानं किस्से साचत जातात. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमनं पहिल्या दोन वर्षांत इतके साचवले, की आज एवढं वय झालं तरी पुरून उरलेत.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं होतं. नगरमधलं आमचं कॉलेज अगदी नवं, भिंतींच्या चुन्याचा वास अजून जायचा होता. मी त्या टीमचा कॅप्टन. खेळ चांगला होता म्हणून नव्हे हं! माझ्याकडे सायकल होती आणि घरी कुलूप लागणारं कपाट होतं. बॉल आणायचा कुणी आणि ठेवायचा कुठं, हे दोन्ही प्रश्न माझ्यामुळे सुटले. झालो कॅप्टन!

•

आमचे पहिले कोच दातार सर. शिकवायचे केमिस्ट्री. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. पुण्याला शिकत असताना त्यांनी एकदा बास्केटबॉलची मॅच कुंपणापलीकडून पाहिली होती. बाकीच्या प्राध्यापकांनी तेवढीही पाहिली नव्हती, म्हणून सर कोच!

सरांनी कुठूनसं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं. रोज संध्याकाळी ते मैदानाच्या मधोमध उभे राहून वाचायचे आणि आम्ही तसं करायचं. "पान बारा! डावा पाय पुढे. गुडघा किंचित वाकलेला. किंचित म्हणजे... पुढे लिहिलेलं नाही."

पंचाईत एकच होती. मुंबईहून बॉल यायचा होता. सर म्हणाले, "बॉल आहे असं समजा." आम्ही पंधरा दिवस समजलो. पास काय, ड्रिबल काय, बास्केट काय! एकाचाही नेम चुकला नाही.

मग बॉल आला. पहिल्या पाच मिनिटांत दोघांची नाकं फुटली आणि बॉल तीनदा विहिरीत गेला. आमच्यातला सगळ्यात उंच गडी रंभाजी ओला बॉल छातीशी धरून सरांकडे आला आणि कळवळून म्हणाला, "सर, बिनबॉलचं लई झ्याक जमत हुतं!"

•

हा रंभाजी आम्हाला मिळाला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे.

देवळाली प्रवरेचा हा मुलगा ॲडमिशनच्या वेळी रांगेत उभा होता. रांगेत त्याचं डोकं वेगळंच दिसत होतं, इतका उंच! सरांनी नाव टिपून ठेवलं. पण कॉलेज सुरू झालं तरी पोरगा येईना. बापाचा विचार बदलला होता. उसाचं काम पडलेलं, दोन हात कमी कसे करायचे?

सर मला घेऊन एसटीनं, नाही नाही, तेव्हा एसटी कुठली! खाजगी सर्व्हिस मोटारीनं राहुरीला आणि तिथून बैलगाडीनं त्यांच्या मळ्यावर गेले. गुऱ्हाळ चालू होतं. रंभाजीचे वडील चुलवणापाशी बसलेले, बसूनच माझ्या खांद्याएवढे. आम्हाला रस दिला, ताजा गूळ दिला आणि मग विचारलं, "ह्यो खेळ हाय तरी कसला?"

सरांनी हातवारे करून समजावलं. उंचावर एक कडं, त्याला जाळी, जाळीला खाली तोंड उघडं.

"म्हंजी बूड नसलेली पाटी?"

"तसंच समजा."

"तिच्यात टाकायचं, खाली पडलं की उचलायचं, आन् पुन्यांदा टाकायचं?"

"हो."

"असं जल्मभर?"

"नाही हो, चाळीस मिनिटं."

म्हातारबांनी चुलवणाच्या जाळात आणखी चिपाडं सारली. मग म्हणाले, "मंग लई सोपं हाय. आमी शेतात जल्मभर तेच करतो. न्या पोरगं!"

निघताना मात्र त्यांनी सरांचा हात धरला. "उड्या मारंल त्यो. पन शिकंल ना?" सर म्हणाले, "मी स्वतः शिकवीन." आणि दोन वर्षं रोज, प्रॅक्टिसच्या आधी तासभर, सरांनी त्याला केमिस्ट्री शिकवली. एक दिवस चुकवला नाही. रंभाजी पुढे केमिस्ट्रीचाच मास्तर झाला. आता बोला!

•

आमची पहिली मॅच पुण्याला झाली. आमचे चार पॉइंट झाले. त्यातले दोन समोरच्या टीमनं गडबडीत स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकलेले. त्यांचे किती झाले ते विचारू नका. बोर्ड लिहिणाऱ्याचा खडू संपला होता!

आम्ही माना खाली घालून आलो, तर सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. "शाब्बास! संपूर्ण मॅचमध्ये आपण एकही फाऊल केला नाही!"

मी म्हटलं, "सर, फाऊल करायला त्यांच्या जवळ तरी पोचायला लागतं!"

सर हसले नाहीत. खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं, 'जवळ पोचणे.' दुसऱ्या दिवसापासून आम्हाला रोज मैदानाला वीस फेऱ्या.

•

टीममध्ये नेवाशाचे दोघे जुळे भाऊ होते, माधव आणि केशव. तोंडं इतकी सारखी, की त्यांची आईसुद्धा हाक मारताना दोन्ही नावं घ्यायची.

एका मॅचमध्ये आम्ही चक्क बरोबरीत होतो. माधवचे पाच फाऊल झाले. पाच झाले की खेळाडू बाहेर. माधव बाहेर पडला आणि पाण्याच्या माठाकडे गेला. त्याच्या जागी केशव आत धावला.

दातार सर ताडकन उठले. "पंचसाहेब, थांबा! हा माधवच परत आत आलाय!"

केशव गोंधळला. "सर, मी केशव!"

सर त्याच्याजवळ गेले. "बाळ, हरावं माणसानं. पण खोटं बोलू नये."

पंचांनी शिट्टी मारून केशवला बाहेर काढलं. तेवढ्यात माठामागून माधव तोंड पुसत आला. "काय झालं?"

सर दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग धावत पंचांकडे गेले. पंच म्हणाले, "आता तो केशव असो नाहीतर नारायण, बाहेर म्हणजे बाहेर!" आमच्याकडे दुसरा राखीव खेळाडूच नव्हता. चौघंच खेळलो आणि हरलो.

पण त्या दिवशी जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. सगळ्या लोकांसमोर सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि एकोणीस वर्षांच्या केशवला म्हणाले, "माझं चुकलं. मला क्षमा कर." त्या काळी प्राध्यापक विद्यार्थ्याची क्षमा मागत नसत. केशव रडला. माधवही रडला. आम्हाला पुन्हा कळेना, कोण कोणता!

•

दुसऱ्या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून स्पष्ट सांगितलं, "वर्ष संपेपर्यंत एक तरी मॅच जिंका. नाहीतर ते बास्केटचे दोन खांब उपटून मी तिथे गुलाब लावतो."

सर दोन दिवस गावभर चौकशी करत फिरले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सायकल काढ. भिंगारला जायचंय." दुपारच्या उन्हात डबलसीट निघालो. भिंगार कॅम्पात लष्करी गाड्या दुरुस्त करणारं वर्कशॉप होतं. तिथे शेख म्हणून एक निवृत्त हवालदार मेकॅनिक होते. महायुद्धात आसामकडे असताना अमेरिकन सोल्जरांबरोबर ते हा खेळ खेळले होते, असं सरांनी ऐकलं होतं.

शेख ट्रकखालून बाहेर आले. हात ग्रीसनं काळे. सरांनी सगळं सांगितलं. ते संकोचले. "साहेब, मी चौथी पास माणूस. कॉलेजच्या पोरांना काय शिकवणार?"

सर म्हणाले, "मी एम.एस्सी. आहे. मलाही नाही शिकवता आलं. तेव्हा शिक्षणाचा इथे काही संबंध नसावा."

शेख उस्ताद दुसऱ्या दिवशी आले. सरांनी ते इंग्रजी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः बॉल पुसायला बसले. स्वतःच्या हातानं आपली जागा दुसऱ्याला देणारा माणूस मी आयुष्यात फार वेळा पाहिला नाही.

•

उस्तादांनी पुस्तक उघडलंच नाही. एके दिवशी त्यांनी भलंमोठं कलिंगड आणलं. म्हणाले, "बॉल ठेवा. हे पास करा. ज्याच्या हातून पडेल त्याला खायला नाही. बाकीचे खातील."

आम्ही गोल करून उभे राहिलो. पहिले चार पास ठीक गेले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की दुसऱ्याच्या हातून पडलं तर आपल्याला खायला मिळतं! झालं. माधवनं केशवच्या गुडघ्यावर टाकलं, केशवनं माझ्या डोक्यावरून, मी रंभाजीच्या पाठीवर. फुटलं!

उस्ताद मातीतले तुकडे बघत शांतपणे म्हणाले, "आता कळलं, टीम का हरते."

दुसऱ्या दिवशी नवं कलिंगड आलं. नियम उलटा. ज्याचा पास वाईट, तो उपाशी. महिनाभरात आमच्या हातून अंडंसुद्धा पडलं नसतं!

•

वर्षातली शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्ची टाकून बसले आणि शेजारी कॉलेजचा माळी, हातात टेप घेऊन! गुलाबाच्या वाफ्यांचं माप घ्यायला.

शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका पॉइंटनं मागे. बॉल माझ्याकडे आला. समोर बास्केट मोकळं दिसत होतं आणि मला मोह झाला. पण तिकडून उस्ताद नुसते एवढंच ओरडले, "कलिंगड!" मी बॉल रंभाजीकडे दिला. त्यानं उडीसुद्धा मारली नाही. हात वर केला आणि टाकला.

जिंकलो! दोन वर्षांत पहिल्यांदा!

दातार सर धोतराचा सोगा हातात धरून मैदानभर धावत होते. आणि प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीवर उभे राहून माळ्याला ओरडून सांगत होते, "बघतोस काय! त्या खांबांनाच पाणी घाल!"

•

आता एकच किस्सा राहिला.

त्या विजयानंतर आठवड्यातच उस्ताद यायचे बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. ते आम्हाला तेव्हा डाव्या हातानं बॉल टाकायला शिकवत होते. रंभाजीला ते अजिबात जमत नव्हतं आणि उस्ताद रोज त्याच्यावर चिडायचे. म्हणून त्या चार दिवसांत तो एकटाच मैदानावर डाव्या हातानं टाकत बसायचा. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं एकामागून एक अकरा टाकले. एकही चुकला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्तादास्नी दावायचं. लई खूष व्हत्याल!"

त्याच दुपारी बातमी कळली. उस्तादांचे थोरले भाऊ औरंगाबादेहून आले होते. त्यांचं कुटुंब कराचीला निघालं होतं आणि ते उस्तादांनाही घेऊन जाणार होते. ते दिवसच तसे होते. जाणाऱ्याला का जातोस विचारायची सोय नव्हती आणि राहणाऱ्याला लोक का राहिलास विचारायचे.

दातार सर आणि आम्ही सगळे भिंगारला गेलो. दारात दोरीनं करकचून बांधलेली ट्रंक. बाजूला बाजेवर थोरले भाऊ बसलेले. उस्ताद बाहेर आले, आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सर नुसते "शेखसाहेब..." एवढंच म्हणाले.

उस्तादांनी रंभाजीला विचारलं, "डावा हात?"

मी रंभाजीकडे पाहिलं. आता सांगेल, अकरा टाकले म्हणून!

रंभाजीनं डावा हात पाठीमागं नेला. "न्हाई जमत, उस्ताद."

"एक पण नाही?"

"एक बी न्हाई."

उस्ताद भावाकडे वळले. "देखा भाई? मैं क्या बोल रहा था!"

थोरल्या भावांनी रंभाजीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग हळूच विचारलं, "कितने दिन लगेंगे इसको?"

रंभाजी म्हणाला, "दिवसाचं काम न्हाई, साहेब. लई वर्सं लागत्याल."

उस्ताद खाली बसले आणि ट्रंकेची दोरी सोडायला लागले.