किरकिरीचं मनमिळाऊ कार्ड

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे किरकिरी म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती मालकाचीही नाही. बावीस वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी बसते. टाका सुटलेला दिसला, डाग दिसला, कॉलर वाकडी दिसली, की तिथे कागदी लाल बाण चिकटवायचा आणि शर्ट दुरुस्तीला परत. मी त्याच कारखान्यात कापड बेतायचो. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, सुटलो. कसला सुटतोय! बाई राहते शेजारीच. तिच्याकडे चहाला जावं, तर कप हातात यायच्या आधी तिचं बोट माझ्या छातीकडे.

"मास्तर, तिसरं बटण दुसऱ्याच दोऱ्यानं लावलंय. शी!"

त्या "शी"मध्ये पाल, उष्टं खरकटं आणि ओला मोजा असं सगळं एकदम असतं.

तर अलीकडे कारखान्यात एक नवे साहेब आलेत. कापडाचा पोत बघतात तसा माणसांचा पोत बघून त्यांना कामं द्यायची, हे त्यांच्या डोक्यात बसलंय. त्यांनी सगळ्यांना साठ वाक्यांचा कागद दिला. प्रत्येक वाक्यापुढे हो किंवा नाही लिहायचं. आठवड्याने प्रत्येकाच्या स्वभावाचा निकाल छापून आला, गळ्यात अडकवायच्या कार्डावर.

त्या संध्याकाळी बाई माझ्या दारात. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं दोन बोटांत कार्ड धरलेलं.

"वाचा."

वाचलं. 'प्रेमळ, मनमिळाऊ. सर्वांना सांभाळून घेणारी. कुणाचे दोष काढत नाही.' मी इतका हसलो की कवळी हातात यायची बाकी राहिली.

"हसा तुम्ही! सोमवारपासून मला फाटकाजवळच्या दुकानात बसवणार आहेत. गिऱ्हाइकांकडे बघून दात काढायला. आणि माझं टेबल कुणाला दिलंय? आमच्या धाकटीला!"

धाकटी म्हणजे तिची नणंद. घर एक, कारखाना एक. ती तयार शर्टांच्या घड्या घालते. दोन्ही बाह्या डाव्या असल्या तरी ही बया मायेनं घडी घालून खोक्यात भरणार.

"पण तू त्या कागदावर लिहिलंस तरी काय?" मी विचारलं.

"काय लिहिणार? 'मला माणसांत मिसळायला आवडतं.' वाक्यात दोष नाही, हो. 'मी इतरांच्या चुका लगेच माफ करते.' छान आहे, हो. 'मला इतरांच्या चुका सतत खुपतात.' हे काय बोलणं झालं? नाही!"

"अगं बाई, तू कशी आहेस ते विचारत होते."

ती थबकली. "मला? मला वाटलं, माल तपासायला दिलाय."

तेवढ्यात वहिनीला जेवायला बोलवायला धाकटी आली. गळ्यात कार्ड, चेहरा रडवेला. "वहिनी, मला नको गं ते टेबल. डोळे फुटतील माझे. दुकानात कसं, पंखा आहे, खुर्ची आहे, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा आहेत!"

"मग काटेकोर कशी ठरलीस तू?"

"मला त्यातलं काय कळतंय? काम जाईल अशी भीती वाटली. म्हटलं, कारखान्यात टिकलंय कोण, तर वहिनी. तुलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं सगळं."

बाईनं तिच्या गळ्यातलं कार्ड ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. 'अत्यंत चिकित्सक. नजरेतून काही सुटत नाही. सहज समाधान होत नाही. इतरांविषयी आपुलकी नाही.'

पहिल्या तीन वाक्यांना तिची मान हलत होती. चौथ्याला थांबली. एरवी तिथे "शी" यायची, ती आली नाही. तोंड मात्र कडू औषध गिळल्यासारखं झालं.

"मी अशी आहे होय गं?"

"मी मनापासून लिहिलं, वहिनी," धाकटी भाबडेपणानं म्हणाली. तिच्या डोक्यात बिचारीच्या कधी काही शिरत नाही.

टेबल परत हवं असेल तर हे कार्ड आपलंच म्हणून साहेबांपुढे ठेवावं लागणार, हे बाईला कळलं होतं. पहिलं कार्ड किळसवाणं, कारण खोटं. हे दुसरं त्याहून किळसवाणं, कारण घरच्याच माणसानं लिहिलेलं.

सोमवारी दोघी साहेबांपुढे उभ्या राहिल्या. धाकटीनं सगळं कबूल केलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे हे कार्ड तुमचं?" त्यांनी बाईला विचारलं.

"माझंच."

"मग यावर हा लाल बाण कसला?"

बाण चौथ्या वाक्यावर होता, अगदी सरळ रेषेत चिकटवलेला.

"तेवढं दुरुस्तीला टाका," बाई म्हणाली. "बाकी माल ठीक आहे."

टेबल तिला परत मिळालं, धाकटीला पंखा मिळाला. नवं कार्ड काही साहेबांनी छापलं नाही. बाई तेच बाणासकट गळ्यात घालून फिरते. काल आली, माझ्या शर्टाचं तिसरं बटण तोडलं, योग्य दोऱ्यानं लावून दिलं आणि म्हणाली, "आपुलकी म्हणून नाही हं, मास्तर. बघवत नव्हतं."