अमडापूरचं नाव

“थांबा हो सर, पाहू द्या मले,” म्हणत बाई चालता चालता रस्त्यातच बसायच्या. हातातली पिशवी माझ्याकडे, चपला बाजूला आणि गळ्यातल्या दोरीचं भिंग डोळ्याला. मग कॉलेजची घंटा वाजो की पाऊस येवो.

चिखलीच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. माहेर अमडापूर, घर शेतकऱ्याचं. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत. आनंद झाला किंवा राग आला की वऱ्हाडी.

पावसाळ्यात सडक्या लाकडावर पिवळा, लिबलिबीत गोळा तुम्हीही पाहिला असेल आणि तोंड फिरवून पुढे गेला असाल. मीही जायचो. त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात हे मला बाईंनी सांगितलं. धड बुरशी नाही, झाड नाही, प्राणीही नाही. “सर, हा चालते, खाते, अन् मंग एक दिवस फुलासारखा उभा राह्यते. याले घाण काऊन म्हणता?” त्या विचारायच्या. हे फूल म्हणजे टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान बोंडं, केसासारख्या देठावर. ती वाळवून बाई रिकाम्या काड्यापेट्यांत चिकटवून ठेवत. चहावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळं कॉलेज त्यांच्यासाठी काड्यापेट्या जमवायचं.

एका पावसाळ्यात त्या माहेरी गेल्या होत्या. भावाच्या बांधावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे वेचून झालेल्या कपाशीच्या काड्यांचा जुना ढीग होता. त्याच्या तळाशी त्यांना स्लाइम मोल्डचं एक बोंड दिसलं. देठ जांभळट. आतल्या भुकटीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर एरवी अशा कणांवर काटे असतात, तिथे याच्यावर जाळी. बाईंनी सगळी पुस्तकं धुंडाळली. असं वर्णन कुठेच नव्हतं.

या विषयातल्या एका मोठ्या जाणकारांकडे त्यांनी नमुना पाठवला. उत्तर सभ्य होतं: वाळताना बिघडलेली ही जुनीच जात असावी; ताजी, पुन्हा सापडली तर बघू. संध्याकाळी बाई म्हणाल्या, “बरोबर हाय त्यायचं. एकदा दिसलं म्हणून नवं होत नाही.”

म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो ढीग राहायला हवा होता. पेरणीच्या तोंडावर मी त्यांच्याबरोबर अमडापूरला गेलो, तर भाऊ ढिगापाशी आगपेटी घेऊनच उभा.

“दादा, जाळू नको!”

“काऊन वं माय? साप निंघतात त्याच्यात.”

“त्याच्यात माह्यं काम हाय.”

भावाने ढिगाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि आगपेटी खिशात टाकली. एवढंच.

पण त्या वर्षी पेरणीनंतर पावसाने दडी मारली. सोयाबीन माना टाकू लागलं, ढीग कोरडाठाक पडला. विहिरीत पाणी बेताचंच. बाईंनी मागितलं नाही. भावानेच रोज दोन घागरी ढिगावर ओतायला सुरुवात केली. रस्त्याने जाणारे हसायचे, “सडक्या पऱ्हाट्यायले पाणी देऊन राह्यला का बे?” तो म्हणायचा, “हाव. बहिणीचं पीक हाय ते.”

आणि ते पीक आलं. दर रविवारी बाई ढिगाशी पालथ्या पडून शोधत होत्या. एका रविवारी त्यांनी नुसतं माझं मनगट पकडलं. ओल्या काडीवर जांभळट देठांची रांग होती. ताज्या बोंडांतही तीच जाळी. या वेळी जाणकारांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. जगाच्या यादीत एक नवी जात दाखल झाली.

भावाने विचारलं, “मंग, तुह्यं नाव देलं का त्याले?”

“आपलंच नाव आपण देत नसतो दादा. गावाचं देलं.”

छापून आलेल्या लेखातलं, लॅटिन वळणाने लिहिलेलं अमडापूरचं नाव त्यांनी बोटाने दाखवलं. त्याने ते अक्षर अक्षर लावून दोनदा वाचून घेतलं.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यानंतर लवकरच, छोट्याशा आजारात गेल्या. त्यांच्या काड्यापेट्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या कपाटात आहेत.

गेल्या पावसाळ्यात विभागातला फोन वाजला. योगायोगाने तिथे मीच होतो. आसामातून एक तरुण संशोधक बाईंची चौकशी करत होती. त्या आता नाहीत, हे मी सांगितलं. ती म्हणाली, “त्यांनी शोधलेली जात आमच्या जंगलात सापडली. त्यांना सांगायचं होतं.”

मी तसाच मोटारसायकल काढून अमडापूरला गेलो. भाऊ उभ्या पिकातलं तण काढायला डवरणी करत होता. त्याने बैल थांबवून सगळं ऐकून घेतलं.

“तिकडच्या जंगलातलं बी अमडापूरच्याच नावाचं?”

“हो. कुठेही सापडलं तरी नाव तेच.”

त्याने डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. मग पलीकडच्या वावरातल्या शेजाऱ्याला मोठ्याने हाक मारली, “अरे, इकडं ये बे! माह्या बहिणीचं काय झालं, आयक!”