उंबरठ्यावरचं नववं बोट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आमच्या खान्देशात घरोघर पितरांसाठी मातीची घागर भरतात. घागरीच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी ठेवायची. उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं. आजा, पणजा, आजी, तरणाताठा गेलेला काका. हिलाल नानांच्या उंबरठ्यावर अशी नऊ बोटं उमटतात. आठ त्यांच्या घरची. नववं कॅनडाच्या एका पोराचं.

हे मला तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून सुटताही येत नाही. मी विचारलंच नव्हतं.

मी जितेंद्र. सोनगीरहून महामार्ग सोडून सात किलोमीटर आत आमचं गाव. माझी शाळा नववीत सुटली, कायदा मी अर्जावर अर्ज टाकून शिकलो. तहसीलमध्ये शिरलो की कारकून अर्धा चहा टाकून टेबल आवरायला लागतात. याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

हिलाल नाना आमच्याच गल्लीतले, आज ऐंशीचे. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं मैलकुली होते. मुंबई-आग्रा रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या गँगकडे. खड्डे बुजवायचे, चरातलं गवत काढायचं, मेलेली जनावरं कडेला ओढायची, आणि वर्षातून एकदा मैलाचे दगड चुन्याने रंगवून त्यावर काळ्या रंगाने आकडे आणि अक्षरं भरायची. शाळेची पायरी चढले नाहीत. कोणी छेडलं तर म्हणायचे, “मन्ही शाळा लांबडी व्हती भाऊ. धुयापाईन नरडाणा लगून.” म्हणजे धुळ्यापासून नरडाण्यापर्यंतचा रस्ता. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. त्यांच्या वाटचं सगळं त्यांच्या बायकोने, सुंदरबाई अक्काने, बोलून घेतलेलं.

गावाच्या उत्तरेला गायरान. एका माजी सरपंचाने ते दाबलं होतं. सहा वर्षं भांडून मी ते सोडवलं, तेवीस बेघर कुटुंबांना तिथे जागा मिळवून दिल्या. मोजणीच्या दिवशी त्या सरपंचाचा पुतण्या हितेंद्र चारचौघांत मला म्हणाला, “जितूभाऊ, आमनं अतिक्रमण बरं दिसनं तुले. नानाना चौथरा दिसस नही? तुन्ही गल्लीना शे म्हनीसन?”

गायरानाच्या कोपऱ्यात माणसाच्या लांबीचा एक चौथरा होता. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, डोक्याशी उभा दगड, दरसाल चुना मारलेला. गाव त्याला सायबाची समाधी म्हणायचं, आणि तिची राखण हिलाल नाना करायचे.

हितेंद्रचं बोलणं मला झोंबलं. दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. उत्तर आलं: सदर ठिकाणी अशी कोणतीही नोंद आढळून येत नाही. ज्या तेवीस घरांसाठी मी भांडलो, त्यांतल्या एकाकडेही धड कागद नव्हता. “कागद नाही म्हणजे माणूस नाही का?” असं मीच अधिकाऱ्यांच्या तोंडावर ओरडलो होतो. तरी तो कागद ग्रामसभेत मी माइकवरून वाचला. वर जोडलं, “बेचाळीस साली ज्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांना गुरासारखं बडवलं, त्यांची थडगी आपण चुना मारून जपायची?” टाळ्या पडल्या. तो इंग्रज अधिकारी होता हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. भाषणाच्या भरात सुचलं.

नाना मागे उभे होते. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, “जितू, आठ दिन थांब. आखाजीनी घागर भरू दे, मंग तुले जे करनं शे ते कर.”

मी म्हणालो, “नाना, कायद्याला आखाजी नसते.”

पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. चौथरा दहा मिनिटांत सपाट. दगड मात्र फुटेना, म्हणून ट्रॉलीत टाकला आणि नव्या वस्तीच्या नळाखाली बसवला. एका बाजूला कोरलेली अक्षरं होती. इंग्रजी होती. इंग्रजी मला वाचता येत नाही, आणि येत नाही हे मी कोणाला कळू देत नाही. मिस्त्रीने विचारलं, “भाऊ, कोणती बाजू वर?” मी म्हणालो, “खाचांची वर कर. हंडे घसरणार नाहीत.”

तीन वर्षं बाया त्यावर हंडे घासत होत्या.

यंदा चैत्रात धुळ्याहून सुलक्षणा मॅडम आल्या, कॉलेजात इतिहास शिकवतात. स्कूटर लावून ओसरीवर बसल्या आणि फोनवरचं एक पत्र मला मराठीत सांगायला लागल्या. कॅनडातली काही माणसं त्यांच्या देशाच्या, परमुलखात मातीत गेलेल्या सैनिकांची एकेकाची हकिकत जमवून लिहितात. त्यातला एक वॉल्टर क्रेग. गव्हाच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय एकवीस. घरी अकरा घोडे. त्यांतला एक म्हातारा घोडा त्याच्याशिवाय कोणाला लगाम घालू द्यायचा नाही. लढाईच्या काळात विमानदळात भरती होऊन हिंदुस्थानात आला. आईला पत्र लिहायचा की इथली माती काळी आहे, बैलांच्या गळ्यात घंटा बांधतात, तुला आवडेल. चव्वेचाळीस सालच्या एप्रिलात त्याचं विमान सोनगीरच्या बाजूला कुठेतरी पडलं. दोघांचे देह मिळाले. हा मिळाला नाही.

“त्याची धाकटी बहीण आहे अजून,” मॅडम म्हणाल्या. “एडना. चौऱ्याण्णव वर्षांची, वृद्धाश्रमात असते. तिला एवढंच हवंय, कुठे दगडबिगड असेल तर त्याचा फोटो. डोळे आहेत तोवर बघायचाय म्हणते. सोनगीरला एकाने सांगितलं, तुमच्या गावात सायबाची समाधी आहे. आणि तुम्हाला म्हणे गावाचा गट नंबर न् गट नंबर पाठ आहे?”

“पाठ आहे ना,” मी म्हणालो, आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यालो.

तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांना घेऊन मी नानांकडे गेलो. मनात काय होतं तेही लिहितो: नाना सांगतील, मला सांगावं लागणार नाही.

सुंदरबाई अक्का दारात गहू पाखडत होती. मला बघून सूप थांबलं नाही. “कारे पुढारी, आते कसाले उना? काही पाडानं ऱ्हायनं का?”

“अक्का, पाहुण्या आहेत.”

“दिसस माले. बाई, तू बस. यानं उभं ऱ्हावो.”

मॅडमनी नानांना फोनवरचा फोटो दाखवला. घोड्याचा लगाम धरून उभा पोरगा, हसरा, कान बाहेर आलेले. नानांनी फोन दोन्ही हातांत घेतला, तळहातावर पक्षी घ्यावा तसा. बराच वेळ बघितलं.

“हाऊच,” ते म्हणाले. “बाप सांगे, कान मोठा व्हतात.”

मग नानांनी जे सांगितलं ते मी उभ्याने ऐकलं. विमान टेकडीपलीकडे पडून जळालं. हा पोरगा छत्रीने उतरला तो नाल्यात, पोटाला मोठी जखम. नानांचे वडील पुना तिथल्या विहिरीवर मोट सोडून बैल पाजत होते. “हात तोंडले लावे. बाप समजी गया, पानी मांगस. मोटनं पानी ओंजयवरी पाजं. दुपार लगून जिवत व्हता. बापना हात सोडे ना.” तेव्हा पोलिसांचा धाक असा की गोरा मेला म्हटल्यावर गाव उचलून नेलं असतं. म्हणून पुनाने कोणाला न सांगता गायरानात खड्डा केला. गळ्यातल्या बिल्ल्यावरची अक्षरं कोळशाने दगडावर जशीच्या तशी उतरवून घेतली, बिल्ला त्याच्यासोबत पुरला, आणि मग महिनाभर बसून ती अक्षरं छिन्नीने कोरली. कोणी त्याचं माणूस शोधत आलं तर सापडावं म्हणून. आठ दिवसांनी आखाजी होती. शेवटचं पाणी आपल्या हातचं, तर घागरही आपलीच, म्हणून पुनाने घागर भरली. नाव माहीत नव्हतं. बोट उमटवताना म्हणाला, “पाव्हना.” छत्रीच्या रेशमी कापडाचं पुढच्या साली झबलं शिवलं. ते घालून नाना बारशाला पाळण्यात होते.

“हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं का नाही?” मॅडमनी विचारलं.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, “कोन्ही कव्हय इचारं?”

“आणि तो दगड?”

अक्काचं सूप थांबलं. तिने तोंड उघडलं तसं नानांनी हाताने तिला गप्प केलं. “नळवर शे,” ते म्हणाले.

“नळावर? तिथे कोणी नेला?”

“वस्तीनं काम चालू व्हतं,” नाना म्हणाले. “हालावना पडना.”

ज्याने माझ्याकडे आठ दिवस मागितले आणि मी दिले नाहीत, तो माणूस माझी लाज झाकत होता. आणि मी ती झाकून घेत उभा होतो.

नळावर नव्या वस्तीतल्या चुडामणची सून दिपमाला हंडा घासत होती. मॅडम खाली बसल्या, दगडावर बोटं फिरवली. दगड हाताला साबणासारखा लागत होता. एका कडेला सातचा आकडा आणि अर्धं एक अक्षर, बाकी काही नाही. तेवढ्यात मॅडमना कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं.

नानांनी दिपमालाकडे राख मागितली. वाटीत पाणी घालून कालवली, गुडघे धरून दगडापाशी बसले, आणि बोटाने अक्षरं काढायला लागले. दर वर्षी चुन्यानंतर त्या खाचांत काळा रंग भरलेला हात. अक्षर कुठून सुरू होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. काही खालून वर काढत होते, काही मधूनच. एकाही अक्षराचा उच्चार त्यांना येत नाही. वर आकडे, खाली नाव.

मॅडम फोनशी ताडून बघत होत्या. “नंबर जुळतोय,” त्या म्हणाल्या. “नावही जुळतंय. एकूण एक.” त्यांनी एक फोटो काढला. दुसरा काढणार तोवर नळाची धार ओघळली आणि नाव वाहून गेलं.

“मी लिहिते,” मॅडम हळूच म्हणाल्या, “की रस्त्याच्या कामात दगड हलवावा लागला...”

माझं डोकं फिरलं. कोणावर फिरलं ते मलाही कळलं नाही. “खोटं कशाला लिहिता? माझं नाव लिहा! दगड मी काढला. पूर्ण नाव लिहा, बापासकट! नाना आठ दिवस मागत होते, मी दिले नाहीत, हेही लिहा!” दिपमाला हंडा टाकून मागे सरकली.

“इतला मोठ्यानं कसाले बोलस?” नाना उठता उठता म्हणाले. “कबूल करनं शे ना? हळू कर.”

मग हळू केलं. मॅडमच्या शेजारी बसून एकेक वाक्य सांगितलं, त्यांनी इंग्रजीत घातलं. चौथऱ्याची जागाही सांगितली: नळापासून बारा पावलं, आता त्यावर सिमेंटचा रस्ता आहे. तीही नानांनीच पावलं टाकून दाखवली.

दगड मी तेव्हाच पहारीने उपटायला निघालो होतो. नानांनी पहार धरली. “पहिले बायास्ले दुसरा दगड बसाड.” दुसरा दगड बसवला, मग हा नानांच्या भिंतीला आणून टेकवला. त्यांनी चुना मारला आहे. अक्षरं पुन्हा कोरू का विचारलं, तर म्हणाले, “हात कापस मना. तू शिकी ले.” छिन्नी धरून मी रोज तासभर बसतो. अजून दुसऱ्याच आकड्यावर आहे.

उत्तर आखाजीच्या चार दिवस आधी आलं. एडनाच्या भाचीने लिहिलं होतं. पत्र त्यांनी एडनाबाईंना वाचून दाखवलं, राखेच्या अक्षरांचा फोटो मोठा करून दिला. बाईंनी एकच गोष्ट विचारली: पाणी पाजणाऱ्या माणसाचं नाव काय? माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. राग नाही, माफीही नाही. शिव्या आल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. मला तेवढंच येतं.

आखाजीला अक्काने बोलावलं. बोलावलं म्हणजे गल्लीतून ओरडली, “पुढारी, घागर उचलाले ये, नानाना हात कापस!” कुंभाराकडून घागर आणली, नळावरून भरून खांद्यावर घेऊन आलो. अक्काने वर डांगर ठेवलं, आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. नाना उंबरठ्याशी बसले आणि एकेक बोट उमटवत नाव घेऊ लागले. पुना. पुनाची बायको. त्यांचे बाप, आजे. आठवं झालं. नवव्या वेळी बोट कुंकवात बुडवून त्यांनी हात तसाच धरला.

“आते नाव माहीत शे,” ते म्हणाले, “पन मनी जीभ वयत नही. तू ले.”

वीस वर्षं माइकवर ओरडलेला माणूस मी. “वॉ...” म्हणालो, तेही माझं मलाच ऐकू येईल इतकं हळू. नानांचं बोट हवेत, टोकाला कुंकवाचा थेंब.

“मोठ्यानं ले,” नाना म्हणाले. “आते मोठ्यानं ले.”